चाळीस पिनांचा हिशेब

इंटेलचा ८०८६ हा सोळा बिटांचा मायक्रोप्रोसेसर जून १९७८ मध्ये बाजारात आला. एक मेगाबाइट मेमरीपर्यंत पोहोचणाऱ्या या चिपला बाहेरच्या जगाशी बोलायला फक्त चाळीस पिना होत्या. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आणि पॉलिटेक्निकच्या कितीतरी तुकड्या तिचा पिन डायग्राम पाठ करून परीक्षेला बसल्या आहेत. तो डायग्राम पाठ करण्याऐवजी त्याच्याशी वाद घातला तर त्यातून फार काही शिकता येतं. म्हणून हा संवाद. मामाने कारखान्यांसाठी कंट्रोलरची बोर्डं बनवण्यात हयात घालवली आहे. भाची आजच्या चिपांमधले मेमरी कंट्रोलर तपासण्याचं काम करते. चाळीस पिनांवर भागवण्याचा निर्णय शहाणपणाचा होता की आखूड नजरेचा, हा दोघांमधला वादाचा मुद्दा.

भाची: मामा, माझं मत आधीच सांगून टाकते. ८०८६ मध्ये पिनांची केलेली काटकसर चुकीची होती. सोळा पिनांवर आधी ॲड्रेस आणि मग डेटा, वरच्या चार पिनांवर आधी ॲड्रेस आणि मग स्टेटस, आणखी आठ पिनांना तर दोन-दोन नावं. प्रत्येक सिग्नलला स्वतःची पिन दिली असती, तर बोर्ड बनवणाऱ्याचं काम किती सोपं झालं असतं!

मामा: ठीक आहे, मग आपण पिना वाटायला बसू. ॲड्रेसला वीस, कारण एक मेगाबाइटसाठी तेवढ्या लागतातच. डेटाला सोळा. छत्तीस गेल्या. पाच व्होल्टला एक, ग्राउंडला दोन. एकोणचाळीस. क्लॉकला एक, चाळीस संपल्या. आता मेमरी वाचायची आहे की तिच्यात लिहायचं आहे, हे कुठल्या पिनवरून सांगशील? रीसेट कुठे जोडशील? इंटरप्ट कुठून येईल?

भाची: याचा अर्थ इतकाच की चाळीस पुरत नव्हत्या. मग जास्त घ्यायच्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस ९९०० हा सोळा बिटांचा प्रोसेसर १९७६ मध्येच ६४ पिनांत आला होता. मोटोरोलाने १९७९ मध्ये ६८००० काढला, तोही ६४ पिनांचा. ॲड्रेसच्या तारा वेगळ्या, डेटाच्या वेगळ्या, आणि आवाका सोळा मेगाबाइटचा. त्या काळात हे अशक्य नव्हतं.

मामा: अशक्य नव्हतं, महाग होतं. चाळीस पिनांचं पॅकेज साधारण दोन इंच लांब असतं, ६४ पिनांचं तीन इंचांहून लांब आणि रुंदीलाही जास्त. त्याला वेगळं सॉकेट हवं, चाचणीच्या यंत्राला जास्त जोडण्या हव्यात, बोर्डावर जास्त जागा हवी. शिवाय इंटेलची परिस्थिती बघ. त्यांचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प, जो पुढे आयएपीएक्स ४३२ म्हणून आला, तो रेंगाळला होता. झायलॉगचा झेड८० बाजार खात होता. म्हणून १९७६ मध्ये स्टीफन मोर्स यांच्याकडे ८०८६ च्या रचनेचं काम आलं आणि दोन वर्षांत चिप तयार झाली. १९७४ चा ८०८० चाळीस पिनांचा, १९७६ चा ८०८५ चाळीस पिनांचा. हाताशी असलेल्या, स्वस्त आणि सगळ्यांच्या सवयीच्या पॅकेजमध्ये त्यांनी नवी चिप बसवली.

भाची: घाई होती हे समजलं. पण घाईने कारण कळतं, निर्णय बरोबर ठरत नाही.

मामा: कबूल. पण ही युक्ती घाईत सुचलेली नव्हती. १९७१ चा ४००४ सोळा पिनांचा होता. त्याच्या डेटासाठी चारच तारा. बारा बिटांचा ॲड्रेस त्या चार तारांवरून चार-चार बिटांच्या तीन हप्त्यांत जायचा आणि आठ बिटांची सूचना दोन हप्त्यांत परत यायची. १९७२ च्या ८००८ ला अठरा पिना होत्या, तिथेही ॲड्रेस आणि डेटा त्याच आठ तारांवरून. ८०८० ला ॲड्रेससाठी सोळा आणि डेटासाठी आठ अशा वेगळ्या पिना मिळाल्या, तरी यंत्र काय करतंय हे सांगणारी स्टेटसची माहिती डेटा बसवरूनच बाहेर पडायची. ८०८५ ने डेटा पुन्हा ॲड्रेसच्या खालच्या आठ तारांवर आणला, आणि त्यातून वाचलेल्या पिना जास्तीच्या इंटरप्टना आणि सीरियल इनपुट-आउटपुटला दिल्या. तारा कमी असल्या की काम वेळेत वाटून घ्यायचं, हे इंटेलने सुरुवातीपासून केलं.

भाची: वेळेत वाटणं म्हणजे नेमकं काय, ते वाचणाऱ्यांसाठी मांडूया, म्हणजे माझा आक्षेपही स्पष्ट होईल. ८०८६ ला मेमरीतून एक शब्द वाचायचा असेल तर किमान चार क्लॉक लागतात, टी१ ते टी४. टी१ मध्ये वीस तारांवर ॲड्रेस येतो आणि एएलई ही पिन थोडा वेळ वर जाते. बाहेरच्या लॅचने त्या क्षणी ॲड्रेस पकडून ठेवायचा. टी२ मध्ये प्रोसेसर त्यातल्या डेटाच्या सोळा तारा सोडून देतो, कारण आता तिकडून मेमरी बोलणार आहे. टी३ मध्ये डेटा येतो, टी४ मध्ये फेरी संपते. मेमरी हळू असेल तर ती रेडी पिन खाली धरते आणि टी३ नंतर थांब्याचे क्लॉक घातले जातात. पाच मेगाहर्ट्झला एक क्लॉक दोनशे नॅनोसेकंदांचा, म्हणजे थांबा नसतानाही एक फेरी आठशे नॅनोसेकंदांची.

मामा: आणि लिहिताना?

भाची: लिहिताना दिशा बदलावी लागत नाही, टी२ पासून प्रोसेसरच डेटा ठेवतो. पण प्रोग्राम वाचण्यावर चालतो, आणि वाचताना टी२ दिशा बदलण्यात जातो. पिना वाचवल्या त्याची ही एक किंमत. दुसरी किंमत बोर्डावर दिसते. वीस ॲड्रेस आणि डेटाचा वरचा बाइट वापरात आहे हे सांगणारी एक बीएचई अशा एकवीस तारा पकडायच्या, म्हणजे आठ बिटांचे तीन लॅच. इंटेलचा ८२८२ घेतला तर प्रत्येकी वीस पिना. प्रोसेसरवरच्या सोळा पिना वाचवायला बोर्डावर साठ पिनांच्या तीन चिपा लावल्या. याला बचत कशी म्हणायची?

मामा: हा तुझा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. ८२८२ फक्त ॲड्रेस पकडत नव्हता, तो तारांना जोरही देत होता. प्रोसेसरची स्वतःची पिन थोड्याच चिपांना चालवू शकते. मेमरीच्या चिपांच्या ओळी वाढल्या, बोर्डाला जोडकार्ड आली, की ॲड्रेसच्या तारांवर बफर लागतोच, मग प्रोसेसरच्या पिना वेगळ्या असोत की सामाईक. मोठ्या बोर्डावर त्या तीन चिपा कुठल्यातरी रूपात आल्याच असत्या. डेटाच्या बाजूचे दोन ८२८६ बफर तसेच.

भाची: आणि छोट्या बोर्डावर?

मामा: तिथे दुसरा मार्ग होता. ८१५५ मध्ये रॅम, पोर्ट आणि टायमर. ८७५५ मध्ये ईप्रॉम आणि पोर्ट. या चिपा एएलई थेट घ्यायच्या, त्यांच्या पोटातच लॅच होता. ८०८५, ८१५५ आणि ८७५५, तीन चिपांत पूर्ण कंट्रोलर. ८०८६ चा धाकटा भाऊ ८०८८, ज्याचा बाहेरचा डेटा आठच बिटांचा, तोही या चिपांशी जुळायचा. मी कारखान्यासाठी बोर्ड करताना आठ तारा कमी ओढायच्या आहेत, याचं मोल मला माहीत होतं. दोन थरांच्या बोर्डावर तारा एकमेकींना ओलांडताना जीव मेटाकुटीला यायचा.

भाची: म्हणजे बचत खरी होती की नाही, हे बोर्ड किती मोठं यावर ठरायचं. हे मी मान्य करते. पण वेगाचं काय? तारा वेगळ्या असत्या तर टी२ वाया गेला नसता.

मामा: तुझ्या लाडक्या ६८००० चा बस सायकल किती क्लॉकचा?

भाची: वाचताना किमान चार.

मामा: त्याच्या तारा तर वेगळ्या होत्या, तरी चारच. त्या काळातली मेमरीच हळू होती. शिवाय ८०८६ च्या आत दोन भाग आहेत. एक सूचना राबवतो, दुसरा बस सांभाळतो. आतला भाग गुणाकार-भागाकारात गुंतला की बस सांभाळणारा पुढच्या सूचना आणून सहा बाइटांच्या रांगेत ठेवतो. रांग भरेपर्यंत बस रिकामी राहत नाही. पिना कमी असताना ही रांग किती मोलाची ठरते, ते बघ.

भाची: चार क्लॉक सारखे असले तरी त्यांचा अर्थ सारखा नाही. ६८००० मध्ये ॲड्रेस जवळपास पूर्ण फेरीभर स्थिर असतो, मेमरीला तो लॅचमधून उशिरा मिळत नाही. आणि इंटेलनेच पुढे काय केलं? १९८२ च्या ८०२८६ ला ६८ पिना दिल्या. चोवीस ॲड्रेसच्या, सोळा डेटाच्या, सगळ्या वेगळ्या. त्याची बस फेरी दोन क्लॉकवर आली, कारण एका फेरीचा डेटा संपत असतानाच पुढच्या फेरीचा ॲड्रेस बाहेर ठेवता येऊ लागला. सामाईक तारांवर हे जमलंच नसतं. माझ्या बाजूचा साक्षीदार इंटेलच आहे.

मामा: हा मुद्दा तुझा. वेग हवा असेल आणि पॅकेज परवडत असेल, तर तारा वेगळ्याच हव्यात. पण उलट दिशेचा साक्षीदारही ऐक. मोटोरोलाने १९८२ मध्ये ६८००८ काढला. तोच प्रोसेसर, पण डेटा आठ बिटांचा, ॲड्रेसच्या तारा कमी, आणि पॅकेज ४८ पिनांचं. ज्यांनी चौसष्ट पिनांची उदारता दाखवली, त्यांनाही स्वस्त यंत्रांसाठी पिना कापाव्या लागल्या. इंटेलने वर चढताना पिना वाढवल्या, मोटोरोलाने खाली उतरताना कमी केल्या. योग्य आकडा असा कुठलाच नाही. गिऱ्हाईक कोण, त्यावर आकडा ठरतो.

भाची: मग एकाच चिपने दोन गिऱ्हाइकांना खूश करायचा हट्ट का? मी तेहतीस नंबरच्या पिनबद्दल बोलतेय. ती पाच व्होल्टला बांधली की मिनिमम मोड, ग्राउंडला बांधली की मॅक्झिमम मोड. आणि त्याबरोबर चोवीस ते एकतीस या आठ पिनांचे अर्थ बदलतात. शिकणाऱ्याला दोन चिपा शिकाव्या लागतात.

मामा: मला ८०८६ मधली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. पुन्हा हिशेब कर. ॲड्रेस-डेटाच्या वीस, वीज आणि ग्राउंड तीन, क्लॉक एक. उरल्या सोळा. त्यातल्या आठ कायमच्या दिल्या: रीसेट, रेडी, टेस्ट, दोन इंटरप्ट, वाचण्याची आरडी, बीएचई आणि मोड ठरवणारी पिन. आता आठच उरल्या. एकटाच प्रोसेसर असलेल्या छोट्या यंत्राला त्या आठांवर तयार सिग्नल हवेत: एएलई, लिहिण्याची डब्ल्यूआर, मेमरी की पोर्ट हे सांगणारी पिन, डेटाची दिशा, डेटा बफर उघडणारी डीईएन, इंटरप्टची पोच, आणि बस मागणाऱ्यासाठी होल्ड व त्याचं उत्तर. आठ भरल्या. पण ज्या यंत्रात दुसरा प्रोसेसर येणार आहे, त्याला लॉक हवा, म्हणजे मेमरीतली खूण तपासून बदलेपर्यंत मध्ये कोणी घुसू नये. गणिताच्या ८०८७ ला मुख्य प्रोसेसरची सूचनांची रांग कुठवर आली ते कळायला हवं. बस मागणारे दोघे असू शकतात. या पिना कुठून आणणार?

भाची: म्हणून तयार सिग्नल बाहेरच्या चिपकडे ढकलले.

मामा: ढकलले नाहीत, आखडून पाठवले. एस०, एस१, एस२ या तीन तारांवर आठ संकेत बसतात: इंटरप्टची पोच, पोर्ट वाचणं, पोर्टवर लिहिणं, थांबणं, सूचना आणणं, मेमरी वाचणं, मेमरीत लिहिणं, आणि निष्क्रिय. ८२८८ ही बस कंट्रोलरची चिप ते संकेत उलगडून एएलई, डीईएन, वाचण्या-लिहिण्याचे हुकूम तयार करते. तेवढ्याने लॉकला जागा झाली, रांगेची खबर देणाऱ्या दोन पिनांना झाली, आणि बस मागणाऱ्या दोघांना एकेक पिन मिळाली. होल्ड आणि त्याचं उत्तर यांना मिनिमम मोडमध्ये दोन तारा लागायच्या. इथे एकाच तारेवर मागणीचा ठोका जातो, परवानगीचा ठोका परत येतो, काम संपल्यावर सोडल्याचा ठोका जातो. पुन्हा तेच, तारेच्या जागी वेळ.

भाची: पण दोन अर्थ लक्षात ठेवणं शिकणाऱ्यावर लादलंच ना?

मामा: ते अर्थ उगाच वाटलेले नाहीत. अठ्ठावीस नंबरवर मिनिमम मोडमध्ये मेमरी की पोर्ट हे कळतं, मॅक्झिममला तिथे एस२ येतो. वरच्या आठ संकेतांत एस२ हाच मेमरी आणि पोर्ट यांना वेगळं करतो. सत्तावीस नंबरवर डेटाची दिशा, मॅक्झिममला एस१, आणि लिहिण्याच्या संकेतात एस१ वर असतो. इंटेलच्या माहितीपत्रकातही या पिना तर्काने एकच असल्याचं म्हटलं आहे. वेळ बदलते, आशय टिकतो. हे दाखवून शिकवलं तर पाठ करायची गरज निम्मी होते.

भाची: हे मला कोणी दाखवलं नव्हतं. आमच्याकडे परीक्षेत ‘पिन डायग्राम काढा’ असा प्रश्न यायचा आणि चाळीस नावं बरोबर ओळीत लिहिली की गुण मिळायचे. पण मला आणखी विचारायचंय. त्या मॅक्झिमम मोडचा उपयोग खरंच कोणी केला?

मामा: ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीने केला. त्यात ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ होता, मॅक्झिमम मोडमध्ये बांधलेला, सोबत ८२८८. शेजारी ८०८७ साठी रिकामं सॉकेट. ज्याला मोठी आकडेमोड करायची त्याने नंतर चिप विकत घ्यायची आणि बसवायची, बोर्ड बदलायचा नाही. तोच ८०८८ मिनिमम मोडमध्ये बांधून छोटा कंट्रोलर करता यायचा. कारखान्यात एकच चिप बनली, एकच तपासली गेली, आणि दोन अगदी वेगळ्या यंत्रांत गेली. त्यासाठी खर्च झाली एक पिन.

भाची: इथे मी मागे येते, आणि माझ्याच कामातला पुरावा देते. मी ज्या डीडीआर४ मेमरीशी रोज झगडते, तिच्यात ॲड्रेस आजही दोन हप्त्यांत जातो, आधी ओळ, मग स्तंभ. ही पद्धत १९७० च्या दशकातल्या सोळा पिनांच्या डीरॅमपासून चालत आली आहे. इतकंच नाही, डीडीआर४ मध्ये आरएएस, सीएएस आणि डब्ल्यूई या हुकमाच्या पिना ओळ उघडताना ॲड्रेसच्या पिना होतात. कोणता अर्थ घ्यायचा हे एसीटी नावाची वेगळी पिन सांगते. आणि मायक्रोकंट्रोलरमध्ये वीज येताच बूटच्या पिनची पातळी वाचून चिप कुठून सुरू व्हायचं ते ठरवते. तुझ्या तेहतीस नंबरचीच जात.

मामा: मग तू तर माझ्याच बाजूला आलीस.

भाची: पूर्ण नाही. पिना महाग आहेत आणि राहतील, हे पटलं. पण तू ‘बचत’ म्हणतोस तो शब्द मला अजून मान्य नाही. खर्च नाहीसा झालेला नाही, त्याची जागा बदलली. प्रोसेसरच्या पॅकेजवरचा खर्च लॅचवर गेला, टी२ वर गेला, ८२८८ वर गेला, आणि दोन मोड समजून घेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर गेला. प्रोसेसर विकणाऱ्याचा तो वाचला, बोर्ड बनवणाऱ्याच्या वाट्याला आला. कोणाच्या ताटातलं कोणाच्या ताटात गेलं, हे सांगितल्याशिवाय ८०८६ शिकवणं अपुरं आहे.

मामा: हे मी मान्य करतो, आणि बोर्ड बनवणारा म्हणून माझ्या वाट्याला आलेला खर्च मी मोजला आहे. तरीही मी म्हणेन की त्या वेळी तो सौदा वाजवी होता, कारण खर्च कुठे घ्यायचा याची निवड त्यांनी माझ्या हातात ठेवली. छोटं बोर्ड करायचं तर मिनिमम, मोठं करायचं तर मॅक्झिमम. ज्याला जेवढं लागतं, त्याने तेवढ्याच चिपा विकत घ्यायच्या.

भाची: मग शिकवायचं काय? अजूनही आठ-सोळा बिटांची किटं प्रयोगशाळेत आहेत. काहीजण म्हणतात ती काढून टाका, सरळ एआरएम शिकवा. मीही तेच म्हणत होते.

मामा: एआरएम शिकवावाच, नोकरी त्यावर आहे. पण आजच्या चिपमध्ये बस सिलिकॉनच्या आत असते. तिथे प्रोब लावून कोणी एएलई बघू शकत नाही. ८०८५ च्या किटवर ऑसिलोस्कोप लावला की ॲड्रेस जाताना आणि डेटा येताना त्याच तारेवर दिसतो. रमेश गावकर यांच्या ८०८५ वरच्या पुस्तकात सूचना आणण्याची फेरी एकेक टी-स्टेट उलगडून दाखवली आहे. ते पान समोर ठेवून स्कोपवर तीच फेरी पकडली, की बस म्हणजे काय ते मुलांना कायमचं समजतं.

भाची: मान्य, पण परीक्षा बदलायला हवी. चाळीस नावं विचारू नका. प्रश्न असा घाला: चाळीसऐवजी अठ्ठेचाळीस पिना मिळाल्या, तर जास्तीच्या आठ कुठे द्याल, त्यामुळे बोर्डावरची कोणती चिप जाईल आणि बस फेरीत काय बदलेल? एक म्हणेल, दोन्ही मोडचे सिग्नल वेगळे करा, मोडची पिनच नको. दुसरा म्हणेल, डेटाचा एक बाइट वेगळा काढा. दोघांनाही गुण द्या, पण खर्च कुठे गेला ते लिहिलं असेल तरच.

मामा: मी तिसरं उत्तर देईन. चार पिना ॲड्रेसला वाढवेन आणि एक मेगाबाइटचं सोळा करेन.

भाची: चार पिनांनी एकट्याने ते होणार नाही, मामा. आतलं गणित बदलावं लागेल. सेगमेंटचा आकडा चार बिटांनी सरकवून त्यात ऑफसेट मिळवला की वीसच बिट मिळतात. तुझ्या उत्तराला गुण हवे असतील तर सेगमेंट आठ बिटांनी सरकवायला लागेल, आणि मग प्रत्येक सेगमेंट सोळाऐवजी २५६ बाइटांच्या हद्दीवर सुरू होईल. छोट्या प्रोग्रामांची मेमरी त्यात वाया जाईल. तेही लिही.

मामा: लिहितो. आणि असं उत्तर लिहू शकणारा विद्यार्थी उद्या कुठलीही चिप समोर आली तरी तिच्या पिनांच्या यादीतून ती कोणासाठी बनवली आहे ते वाचू शकेल. माझ्या मते ८०८६ अजून शिकवण्याचं हे एकच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे.

भाची: माझ्या मते ते कारण पुरेसं ठरेल, पण प्रश्नपत्रिका बदलली तर. नुसती यादीच पाठ करून घ्यायची असेल, तर ते किट काढून टाकलेलं बरं.